सूर गेला, घुमारा उरला

डोंबिवलीतल्या एका घरातली परवा संध्याकाळची गोष्ट. टेबलावर कॉर्गचा व्होल्का बेस हा छोटा सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, शेजारी नुकताच स्क्रू आवळून जोडलेला, आवाजावर इफेक्ट चढवणारा एनटीएस-१, आणि त्यापुढे लहानसा ऑडिओ मिक्सर. मुलाने ठरवलेले सूर आपोआप क्रमाने वाजवणारा सिक्वेन्सर सुरू केला आणि स्पीकरमधून भलतंच काहीतरी यायला लागलं. बेसचा सूर नव्हताच. होता तो फक्त त्याचा घुमारा. लांबच्या देवळाच्या सभामंडपात कुणीतरी वाजवतंय आणि आपण पायऱ्यांवर उभे आहोत, असा. आतल्या खोलीतून आजोबांनी विचारलं, "अरे, सूर कुठे गेला? नुसतंच घुमतंय." त्यांचा जन्म पेटीची साथ करण्यात गेलेला, त्यांच्या कानाला ते लगेच खटकलं. "मशीन खराब लागलंय, आबा. उद्या परत करतो," मुलगा म्हणाला.

मशीन ठणठणीत होतं. चूक होती ती मिक्सरकडे जाणाऱ्या दीडशे रुपयांच्या केबलची.

पण आबांचा प्रश्न डोक्यातून जात नाही. पेटी वाजते तेव्हा सूर आणि खोली वेगळे करता येत नाहीत. भाता, लाकूड, समोरची भिंत, खाली अंथरलेली सतरंजी, या सगळ्यांचं मिळून जे होतं त्याला आपण पेटीचा आवाज म्हणतो. तबल्यावरचा हात उचलला तरी शाईचा नाद क्षणभर मागे राहतो. तंबोऱ्याचं तर काय सांगावं, तो स्वतःच एक खोली आहे. सिंथच्या सुराला मात्र जन्मतः खोली नसते. तारेतून जाणारा तो नुसता बदलता व्होल्टेज. बोट उचललं आणि रिलीज, म्हणजे सूर विरायला लागणारा वेळ, शून्यावर असेल तर सुरीने कापल्यासारखा तिथल्या तिथे संपतो. हेडफोनमध्ये हे फार जाणवतं. आवाज थेट कपाळाच्या मधोमध बसतो, ना पुढे ना मागे. म्हणून घुमारा किंवा प्रतिध्वनी देणारं इफेक्ट युनिट घेताना आपण वरची सजावट विकत घेत नसतो. सुराने कुठे राहायचं, ती जागा निवडत असतो. आणि जागा भाड्याची असो की मालकीची, आधी बघायचं ते दार, खिडकी आणि पाणी. भिंतीचा रंग नंतर.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा म्हणजे १९८२चा रोलँड जुनो-६० हा सिंथ. सहा सूर एकदम वाजतात, पण प्रत्येक सुरामागे तो निर्माण करणारा ऑसिलेटर एकच. कोरस या आवाज रुंद करणाऱ्या इफेक्टची दोन्ही बटणं बंद ठेवून ऐकलं तर आवाज नीटनेटका, थोडा सपाट. पहिलं बटण दाबलं की तोच आवाज खोलीभर पसरतो. हे काम करतात आतल्या दोन बकेट ब्रिगेड चिप. हे तंत्र फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीर यांनी १९६९मध्ये शोधलं. नाव अगदी समर्पक आहे: गावात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसं रांगेने उभी राहतात आणि बादली हातोहात पुढे जाते, तसा व्होल्टेजचा एकेक थेंब एका कपॅसिटरमधून दुसऱ्यात सरकतो आणि पोचायला थोडा उशीर होतो. जुनोमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूचा हा उशीर उलटसुलट हलतो. एकीकडे वाढतो तेव्हा दुसरीकडे घटतो. त्या हलण्यातून ती रुंदी येते. सोबत थोडी खरखरही येते, आणि ती आवडणारी माणसं खूप आहेत. तात्पर्य इतकंच की त्या वाद्याची अर्धी ओळख त्याच्या इफेक्टची आहे, आणि डावा-उजवा एकत्र करून मोनोमध्ये ऐकलं की त्या ओळखीतला बराच भाग निघून जातो.

मग थोड्या पैशांत पहिलं काय घ्यावं? बहुतेकांचा हात आधी रिव्हर्बकडे जातो. बेस किंवा लीड (मुख्य धून) वाजवणाऱ्या सिंथसाठी पहिला मान डिलेचा, असं माझं स्पष्ट मत आहे. रिव्हर्ब म्हणजे हजारो प्रतिध्वनी एकमेकांत मिसळलेले. डिले म्हणजे एकच प्रतिध्वनी, सुटा, मोजता येणारा. भिंत १७ मीटरवर असेल तर टाळीचा आवाज जाऊन परत यायला साधारण दशांश सेकंद लागतो, म्हणजे १०० मिलिसेकंद. हा आकडा हातात आला की डिले हे तालवाद्य होतं. व्होल्कावर १६ पायऱ्या आहेत, आपल्या तीनतालाच्याही १६ मात्रा. लय १२० असेल, म्हणजे मिनिटाला १२० ठोके आणि एका ठोक्यात चार पायऱ्या, तर एक पायरी १२५ मिलिसेकंदांची. डिले ३७५वर ठेवा, म्हणजे तीन पायऱ्या. आता फक्त पहिल्या पायरीवर एक सूर ठेवून ऐका. प्रतिध्वनी चौथ्या, सातव्या, दहाव्या, तेराव्या, सोळाव्या मात्रेवर पडतो. चार-चार मात्रांच्या विभागाच्या तोंडावर सापडतो तो तेवढ्या तेराव्याला. फीडबॅक, म्हणजे प्रतिध्वनी पुन्हा डिलेत सोडण्याचं प्रमाण, भरपूर असेल तर पुढच्या आवर्तनात तो तिसऱ्या, सहाव्या आणि थेट तालाच्या 'खाली'वर, म्हणजे नवव्या मात्रेवर येतो. त्याच्या पुढच्या आवर्तनात पाचव्याला भेटतो. आणि बरोबर तीन आवर्तनं पुरी झाली की क्षीण होत होत समेवर, पहिल्या मात्रेवर. ही जागा कानाने एकदा पकडली की तिथून हलावंसं वाटत नाही. त्या सबंध वेळात बोट एकदाच पडलेलं असतं. मात्र पहिली पायरी दर आवर्तनाला वाजते, तेव्हा हा प्रवास स्वच्छ ऐकायचा तर पहिल्या आवर्तनानंतर ती पायरी बंद करायची आणि सिक्वेन्सर रिकामा फिरू द्यायचा.

सगळ्यात स्वस्त डिले आपल्या सगळ्यांच्या कानावरून गेलेला आहे, नाव माहीत नसलं तरी. मंडळाच्या मिक्सरवर निवेदकाचा "नमस्कार... स्कार... स्कार" करणारं ते इकोचं बटण. अशा कितीतरी इको बोर्डांवर पीटी२३९९ नावाची सोळा पायांची चिप बसलेली असते. तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजीची ही चिप कराओकेसाठी घडवलेली. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे तयार बोर्ड मागितले की समोर ठेवतात, आणि छोट्या कंपन्यांच्या बऱ्याच स्वस्त डिले पेडलमध्येही आत तीच असते. हिच्या मर्यादा नीट माहीत असल्या तर ती फार गोड चिप आहे. आत स्मृती फक्त ४४ किलोबिटची. उशीर वाढवायचा म्हणजे तिचं घड्याळ मंद करायचं. त्यामुळे ३० मिलिसेकंदांच्या आसपास आवाज स्वच्छ, आणि ३४०कडे जाता जाता तो मातकट, खरबरीत होत जातो. त्यापलीकडे ओढता येतं, पण मग सुरापेक्षा खर जास्त. म्हणून वर सांगितलेला तीन मात्रांचा प्रतिध्वनी हिच्याकडून नीट हवा असेल तर लय १३२-१३३च्या वर न्यावी लागते, नाहीतर दोन मात्रांवर, १२०च्या लयीत २५० मिलिसेकंदांवर, समाधान मानायचं. स्वतः बोर्ड जोडणाऱ्यांनी एक सांभाळावं: वेळेचा नॉब सहाव्या पायाच्या रेझिस्टरशी बांधलेला असतो. तिथला रेझिस्टन्स वीज देताना फार कमी असेल तर चिप अडकून बसते आणि आवाजच देत नाही. नॉबच्या जोडीला एक-दोन हजार ओहमचा कायमचा रेझिस्टर ओळीत टाकला की ही कटकट मिटते.

आणि हिचं खरं सुख नॉब फिरवण्यात आहे. वाजत असताना वेळ बदलली की मागचे प्रतिध्वनी ताणले जातात, मींडेसारखे वर-खाली घसरतात. काही डिजिटल युनिटं त्याच जागी टक् करून तुटतात. विकत घेण्याआधी ही एक परीक्षा जरूर करावी.

गिटारचं पेडल पायासाठी बनवलेलं असतं, सिंथचं टेबलावर हाताजवळ राहणार. हा फरक छोटा वाटतो, पण वापरताना तोच सगळ्यात जास्त जाणवतो. शंभर इफेक्ट असलेलं आणि प्रत्येकासाठी तीन पानं मेनू चाळायला लावणारं यंत्र महिन्याभरात एकाच प्रीसेटवर, म्हणजे आधीच ठरवलेल्या आवाजावर, गोठून जातं. एका वेळी तीन गोष्टी हाताने हलवता येणारं यंत्र वर्षानुवर्षं नवीन राहतं. दुकानदार संख्या सांगेल. आपण नॉब मोजावेत, आणि मागच्या बाजूचे जॅक मोजावेत. झूमचं एमएस-७०सीडीआर सिंथवाल्यांत इतकं रुळलं ते याच जॅकमुळे. इवलंसं पेडल, पण आत जायला दोन वाटा, बाहेर पडायला दोन, आणि एकापुढे एक असे सहा इफेक्ट लावता येतात. अर्थात सहाही जड रिव्हर्ब लावू म्हटलं तर आतला प्रोसेसर नाही म्हणतो. एक कोरस, एक डिले, एक मोठा रिव्हर्ब हा संसार तो सुखाने चालवतो. एनटीएस-१ची गोष्ट वेगळी. तो मुळात छोटा सिंथ आहे, २०१९चा. सुट्या भागांत येतो, सोल्डरिंग न करता स्क्रूने जुळवायचा. पण त्याला ऑडिओ आत घ्यायचा जॅक आहे, म्हणून बाहेरचा आवाज त्याच्या मॉड्युलेशन, डिले आणि रिव्हर्ब या तिन्ही घरांतून फिरवून आणता येतो. जॅक ३.५ मिमीचे, व्होल्काचेही तेच. लय जुळवणारी व्होल्काची सिंक तारही त्याला जोडता येते. व्होल्काची सिंक दर दोन पायऱ्यांना एक ठोका देते, हे ध्यानात ठेवावं. दुसरं यंत्र वेगळ्या हिशेबावर असेल तर लय दुप्पट किंवा निम्मी पळते आणि माणूस उगाच यंत्राला दोष देतो.

आता पाण्याच्या दाबाची गोष्ट, म्हणजे लेव्हलची, तारेतल्या आवाजाच्या जोराची. बहुतेक निराशा इथे जन्मते. गिटारचं पेडल साधारण -२० डीबीयू (लेव्हल मोजायचं माप) धरून घडवलेलं असतं, म्हणजे ०.०८ व्होल्टच्या आसपास. व्यावसायिक यंत्रांची लाइन लेव्हल +४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट. फरक सोळापटींचा. सिंथचा आवाज पूर्ण उघडून अशा पेडलमध्ये ओतला की रिव्हर्ब फाटका ऐकू येतो आणि ऐकणारा म्हणतो, स्वस्तातलं शेवटी स्वस्तच. खरं म्हणजे घागर नळाखाली धरायची ती आगीच्या बंबाखाली धरलेली असते. उपाय फुकट आहे. सिंथवर आपला सगळ्यात दांडगा आवाज लावा: तिन्ही ऑसिलेटर एका सुरात, फिल्टरचा पीक नॉब चढवलेला, आणि सर्वात खालचा सूर. तो धरून फिल्टरचा कटऑफ नॉब सावकाश खालून वर फिरवा. मधेच एका जागी आवाज एकदम फुगतो, तीच कसोटीची जागा. तिथे सिंथचा व्हॉल्यूम वाढवत जा, फाटायला लागला की थांबा, आणि तिथून थोडा खाली घ्या. बहुधा तो नॉब मध्यावरच्या आसपास येतो. फार खाली ठेवला तर उलटा त्रास: पुढे मिक्सरवर वाढवावं लागतं आणि पेडलची सगळी सळसळ सोबत वाढते.

बेसला रिव्हर्ब देताना खालचे स्वर आत सोडू नयेत. १५० ते २०० हर्ट्झच्या खालचं रिव्हर्बमधून कापलं की चिखल बसतो आणि पाणी निवळतं. युनिटवर तशी सोय नसेल तर रिव्हर्बचा आवाज मिक्सरच्या वेगळ्या चॅनलवर घ्यायचा आणि तिथला 'लो' लिहिलेला, खालच्या स्वरांचा नॉब खाली करायचा. आमच्याकडे सगळे त्याला बेस म्हणतात. प्री-डिले, म्हणजे रिव्हर्ब सुरू होण्याआधीचा उशीर, असेल तर २० ते ४० मिलिसेकंद. तेवढ्यात सुराचं तोंड सुटं राहतं आणि मागून खोली येते. आणि मिक्सरच्या ऑक्स सेंडवर, म्हणजे आवाजाची एक प्रत इफेक्टकडे पाठवणाऱ्या वाटेवर, युनिट लावलं असेल तर त्यातला मूळ आवाज पूर्ण बंद, फक्त इफेक्ट. हे विसरलं की मूळ सूर दोन वाटांनी येतो, एक थेट आणि एक डिजिटल युनिटमधून किंचित उशिरा. तो उशीर एक मिलिसेकंद जरी असला तरी ५०० हर्ट्झवर, मग १५००वर, मग २५००वर खड्डे पडत जातात आणि सूर पत्र्याच्या नळीतून आल्यासारखा पोकळ होतो. ज्या युनिटमध्ये मूळ आवाज पूर्ण बंद करता येत नाही, ते ऑक्सवर लावण्याच्या कामाचं नाही. ते सिंथ आणि मिक्सर यांच्या मध्येच ठेवावं.

विजेबद्दल थोडं कडक बोलतो, कारण इथे नुकसान कायमचं होतं. व्होल्काला ९ व्होल्ट लागतात, मधली पिन धन. गिटार पेडलांच्या प्रचलित अडॅप्टरलाही ९ व्होल्ट, पण मधली पिन ऋण. वेगवेगळी टोकं बसवता येणारा बाजारातला अडॅप्टर दोघांना आलटून पालटून लावणारा माणूस एक दिवस काहीतरी जाळतो. अडॅप्टरवरची गोलाची आणि अधिक-उण्याची खूण वाचायची, रोज. जुनी रॅकची युनिटं स्वस्तात मिळतात आणि अलेसिसच्या नॅनोव्हर्बसारखी काही आजही अप्रतिम वाटतात. पण त्या घराण्यातल्या बऱ्याच यंत्रांना ९ व्होल्ट एसी लागतो, डीसी नव्हे. आकडा नऊच दिसतो म्हणून डीसी लावला की यंत्र मेलेलं वाटतं आणि लोक ते भंगारात देतात. अडॅप्टर हरवलेलं यंत्र घेताना आधी तो मिळेल का ते बघावं. जपानहून आलेल्या, आतच ट्रान्सफॉर्मर असलेल्या यंत्राला १०० व्होल्ट लागतात. आपल्या २३० व्होल्टच्या भिंतीत ते थेट लावलं तर पहिल्याच क्षणी खेळ खलास.

किणकिण किंवा शिट्टीसारखी बारीक खर येत असेल तर तपासणी सोपी आहे. झूमच्या त्या पेडलमध्ये दोन पेन्सिल सेल बसतात. अडॅप्टर काढून सेलवर चालवा. खर गेली तर दोष विजेच्या वाटेचा, यंत्राचा नाही. एनटीएस-१ यूएसबीवर चालतो. तो आणि कॉम्प्युटरमध्ये आवाज नेणारा ऑडिओ इंटरफेस एकाच कॉम्प्युटरला जोडले की अशी कुरकुर ऐकू येते. त्याला पॉवर बँकवर घेतलं की बहुतेक वेळा खोली शांत होते. म्हणून माझा हिशेब असा की इफेक्टसाठी काढलेल्या पैशांतला पाचवा हिस्सा वीज आणि केबलसाठी आधीच बाजूला ठेवावा. त्या पैशांत आणखी वरचं मॉडेल येत असलं तरीही.

तर ती दीडशे रुपयांची केबल. एनटीएस-१च्या बाहेरच्या जॅकमधून निघून मिक्सरच्या पहिल्या चॅनलच्या मोठ्या जॅकमध्ये गेलेली. दोन्ही टोकांच्या पिनांवर दोन-दोन काळ्या रेघा, म्हणजे पिन तीन भागांची: टोक, कडं आणि बूड. एनटीएस-१कडून टोकावर डावा आवाज येतो, कड्यावर उजवा. मिक्सरचा तो जॅक मात्र बॅलन्स्ड. तो असं धरून चालतो की टोकावर आणि कड्यावर एकच सूर एकमेकांच्या उलटा येणार. म्हणून तो कड्यावरचा आवाज टोकावरच्यातून वजा करतो. लांब तारेत दोन्हींवर सारखीच शिरलेली घरघर त्यामुळे गळून पडते. फार शहाणी योजना आहे. पण इथे दोन्हीकडे सारखा होता तो बेसचा सूरच. तोच कापला गेला. रिव्हर्ब डावीकडे वेगळा, उजवीकडे वेगळा, म्हणून तो तेवढा वाचला.

दुसऱ्या दिवशी मुलाने वाय केबल आणली. एका टोकाला ३.५ मिमीची स्टिरिओ पिन, दुसरीकडे फाटा फुटून ६.३५ मिमीच्या दोन मोनो पिना, प्रत्येकीवर एकच काळी रेघ. एक पहिल्या चॅनलमध्ये, पॅन (डावी-उजवी बाजू ठरवणारा नॉब) पूर्ण डावा. दुसरी दुसऱ्यात, पूर्ण उजवा. सूर आला, छातीत जाणवेल असा, आणि त्याच्या मागे खोलीही आली. आतून आबा म्हणाले, "हं, आता आहे." मग मुलाने बराच वेळ काही वाजवलं नाही. शेवटी त्याने जुनी केबल ड्रॉवरमधून काढली, पुन्हा तशीच चुकीची लावली, रिव्हर्ब वाढवला, आणि तो बिनसुराचा घुमारा चार मिनिटं वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करून ठेवला.